काळी दोनवरून काळी एकवर : एका गायक-नटाच्या आवाजाचं प्रकरण

हे प्रकरण एका गायक-नटाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत किंवा बदलले आहेत. मंडळात सगळे त्यांना दादा म्हणतात, इथेही तेच ठेवतो. त्या प्रयोगांत मी ऑर्गनवर होतो. गायकाची पट्टी, म्हणजे तो ज्या स्वराला ‘सा’ मानून गातो तो, बदलली की सगळ्यात आधी ऑर्गनवाल्याची बोटं बदलतात, त्यामुळे या प्रकरणातला प्रत्येक निर्णय मला जवळून पाहायला मिळाला.

संगीत नाटकात काम करणारी आणि बैठकही गाणारी जी तरुण मुलं-मुली आज आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. आवाज बसणं हा आपल्याकडे घरगुती उपायांचा विषय मानला जातो. ज्येष्ठमध, खडीसाखर, गरम पाण्याच्या गुळण्या, आणि ‘दोन दिवसांत सुटेल’ हा दिलासा. दादांच्या बाबतीत तो सुटला नाही, आणि का सुटला नाही हे शोधताना मंडळाच्या कामाची सगळी पद्धतच तपासावी लागली.

पार्श्वभूमी

दादा तेव्हा सेहेचाळीस वर्षांचे होते. गाणं ग्वाल्हेर घराण्याच्या अंगाचं, लहानपणापासून एकाच गुरूंकडे झालेलं. राज्य संगीत नाट्य स्पर्धेतून रंगभूमीवर आले आणि तिथेच रुळले. आपल्याकडे ही दुहेरी वाट नवी नाही. राम मराठे, वसंतराव देशपांडे, प्रसाद सावकार यांनी नाटक आणि मैफल दोन्ही सांभाळलं. पण ज्या काळात त्यांनी ते केलं त्या काळी संगीत नाटकाला रोजचा प्रेक्षक होता. आज हंगामात प्रयोग सलग लागतात, मग महिनोन् महिने एकही नसतो. नटाला पगार नाही, नाईट, म्हणजे प्रयोगामागे मानधन, मिळते. प्रयोग झाला तर नाईट, रद्द झाला तर घरी. त्यामुळे दादांचं घर प्रामुख्याने शिकवण्यांवर चालायचं. आठवड्याचे सहा दिवस, संध्याकाळी चार ते नऊ.

नाटक होतं ‘संगीत मानापमान’. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 1911 सालचं, गोविंदराव टेंब्यांच्या चालींचं. दादा धैर्यधर, म्हणजे नायक, करायचे. ही भूमिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा भार माहीत आहे. धैर्यधर सेनापती आहे. त्याला पदं आहेत, त्यांत ताना आहेत, आणि पदांच्या मध्ये ठणठणीत गद्य आहे, कधी सैनिकांवर अधिकार गाजवणारं, कधी मानभंगाने पेटलेलं. आमच्या दिग्दर्शकांना ते गद्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेलं हवं असायचं. कॉलर माइक असूनही.

आता पट्टीची गोष्ट. दादा बैठकीत काळी एकला, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरून, गात. नाटकात मात्र काळी दोन, म्हणजे एक स्वर वर. याला एकच कारण होतं : मंडळात त्यांच्याआधी धैर्यधर करणारे नट काळी दोनला गात असत आणि प्रेक्षकांच्या कानाला तीच चढी पट्टी बसली होती. केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांच्यापासून धैर्यधराचा आवाज म्हणजे चढा, तेजस्वी, टिपेला जाऊन भिडणारा, अशी एक अपेक्षा आपल्याकडे मुरलेली आहे. दादांनी भूमिका घेतली तेव्हा पट्टीचा विचारच झाला नाही. ऑर्गन काळी दोनचा, तबला काळी दोनचा, पदं काळी दोनची. माणूस तेवढा नवा.

हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. काळी एकच्या तार षड्जाला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ‘सा’ला, स्वरतंतू सेकंदाला साधारण 277 वेळा एकमेकांवर आदळतात, काळी दोनच्या तार षड्जाला 311 वेळा. तार पंचमापर्यंत गेलात तर 415 आणि 466. एका पदात ही वाढ झेपते. तीन तासांच्या नाटकात, तेही सलग चार रात्री, तिचा हिशेब वेगळा होतो.

अडचण कशी वाढत गेली

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. पश्चिम महाराष्ट्रातले प्रयोग, मग कोकण, मग गोव्यात कॉन्ट्रॅक्टचे, म्हणजे आयोजकाने ठरावीक रकमेला घेतलेले, प्रयोग, आणि मधल्या एका रविवारी दादांची सकाळची बैठक. पहिल्या आठवड्यातच सकाळी उठल्यावर आवाज जड असायचा. दुपारपर्यंत मोकळा व्हायचा, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

ऑर्गनवर बसणाऱ्याला एक गोष्ट आधी कळते. गायक वरचा स्वर जोरात लावतो तेव्हा तो लागतो, पण तोच स्वर हळुवार लावायला गेला की फुटतो, मध्येच हवा सुटते. पुढे आवाजाच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरतंतूंना सूज आली की अगदी असंच होतं. वरच्या स्वरातला बारीक आवाज सगळ्यात आधी जातो, आणि गायक नकळत जोर वाढवून ती उणीव भरून काढतो. दादांचं नेमकं तेच चाललं होतं. पदाच्या शेवटी षड्जावर हळूच उतरायची त्यांची खास जागा होती. ती त्यांनी गाळायला सुरुवात केली आणि तिथे ठोस, खणखणीत शेवट करू लागले. प्रेक्षकांना तो आवडला. वन्समोअर वाढले. ‘आज आवाज काय लागलाय!’ असं लोक मेकअप रूममध्ये येऊन सांगत आणि दादा तासभर उभं राहून त्यांच्याशी बोलत.

बाकी दिनक्रमही आवाजाला मारकच होता. प्रयोग संपायचा बारा-साडेबाराला. जेवण एक वाजता, बहुतेक वेळा तिखट-तेलकट, आणि लगेच बसमध्ये झोप. पहाटे घशात आंबट येतं ही तक्रार ते करायचे, पण पित्ताचा आवाजाशी संबंध असतो हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. दोन प्रयोगांच्या मध्ये घरी गेले की शिकवण्या असायच्याच. त्यांच्या बहुतेक विद्यार्थिनी काळी चार-काळी पाचला, म्हणजे बऱ्याच चढ्या पट्टीत, गाणाऱ्या मुली. मुलींना जागा दाखवायची म्हणून दादा त्यांच्या पट्टीत, ओढून-ताणून, रोज पाच तास गायचे. नाटकातल्या गाण्याची सगळे काळजी करत होते. या गाण्याची गणतीच कुणी केली नव्हती.

कोकणातल्या एका गावी दुपारी आवाज जवळजवळ बंद झाला. प्रयोग रात्री साडेनऊला, थिएटर विकलेलं. मंडळाच्या व्यवस्थापकांनी स्थानिक डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी घसा वरून बघितला आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. अंगही दुखत होतं म्हणून सोबत वेदनाशामक गोळी. तीन तासांत आवाज सुटला. त्या रात्री दादा इतके मोकळे गायले की तिसऱ्या अंकानंतर विंगेत सगळे त्यांच्या पाया पडत होते.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी पुन्हा तेच. पुन्हा इंजेक्शन. प्रयोगाआधी तबलजी आणि मी मेकअप रूममध्ये गेलो होतो. मी विचारलं, “दादा, आज काळी एक घेऊ या का? निदान पहिल्या दोन पदांना?” त्यांना मिशी लावणं चालू होतं, बोलता येत नव्हतं. त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटं वर केली. काळी दोन.

दुसऱ्या अंकात, पदात नव्हे तर गद्यात, एका चढ्या वाक्याच्या मध्यावर आवाज गेला. चिरकला नाही, घोगरा झाला नाही, नुसताच गेला. ओठ हलत होते. समोरच्या नटीने प्रसंग ओळखून त्यांचं वाक्य स्वतःच्या वाक्यात गुंफलं आणि प्रवेश पुढे नेला. अंक कसाबसा संपला. पडदा पडला तो पडलाच.

त्या रात्री समोर असलेले पर्याय

लॉजच्या एका खोलीत निर्माते, दिग्दर्शक, व्यवस्थापक, दादा, तबलजी आणि मी बसलो. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, फोनवर होत्या. दादा पाटीवर लिहून बोलत होते. पुढचे सहा प्रयोग लागलेले, त्यांतले तीन गोव्याच्या कॉन्ट्रॅक्टचे. पाच मार्ग निघाले.

पहिला मार्ग पुन्हा इंजेक्शनचा. काल काम झालं, आजही अर्धा प्रयोग झाला, उद्या विश्रांती आहे, परवा घेऊ. व्यवस्थापकांचा कल याकडे होता, आणि त्यांना दोष देऊन चालणार नाही. थिएटरचं भाडं भरलेलं, सेटचा ट्रक पुढे निघालेला, तिकिटं विकलेली.

दुसरा, पट्टी काळी एकवर आणायची, तीन पदं गाळायची, ताना कमी करायच्या. हा मार्ग आधीच्या आठवड्यात घेतला असता तर कदाचित पुढचं सगळं टळलं असतं. त्या रात्री त्याला अर्थ उरला नव्हता, कारण काळी एकलाही आवाज नव्हता. शिवाय व्यवहाराची अडचण होती. काळी दोनला मिळवलेला तबला एक स्वर उतरवला की बोलत नाही, थंड पडतो. दुसरा तबला हवा, आणि तो घरी होता.

तिसरा, पदांचा ट्रॅक. दादांचं जुनं ध्वनिमुद्रण चांगल्या प्रतीचं होतं. ध्वनिव्यवस्था सांभाळणारा मुलगा म्हणाला, “ओठ जुळवले तर कळणारही नाही.” या सूचनेवर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मला ही सूचना लज्जास्पद वाटत नाही. प्रेक्षकांना आधी सांगून एखाद्या रात्री तसं करणं, रद्द करण्यापेक्षा बरं असू शकतं. पण संगीत नाटकातलं पद जागच्या जागी घडतं. गायक एक आवर्तन वाढवतो, तबलजी त्याच्यामागे जातो, समेवर सगळे एकत्र येतात. ट्रॅकवर आम्ही साथीदार हात जोडून बसणार. आणि गद्याचं काय, हा प्रश्न तसाच राहत होता. दादांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, ‘नको’.

चौथा, रिप्लेसमेंट. जुन्या संगीत नाटकांचा एक मोठा फायदा असतो : तीच भूमिका अनेकांनी केलेली असते. गोव्यात स्पर्धांमधून, देवळांच्या उत्सवांतून ही नाटकं सतत होतात, त्यामुळे धैर्यधर पाठ असलेला माणूस तिथे सापडू शकतो. तसे एक गायक-नट दिग्दर्शकांच्या ओळखीचे होते. पण ते काळी एकच्याही खालच्या पांढरी एकला गात, त्यांच्या पदांच्या चालींत थोडा फरक होता आणि त्यांच्या संहितेतली काटछाट वेगळी होती.

पाचवा, सगळे प्रयोग रद्द करणं.

या चर्चेत एक वाक्य पुन्हा पुन्हा आलं आणि त्याबद्दल मला थोडं थांबून लिहायचं आहे. निर्माते म्हणाले, “बालगंधर्वांनी काय केलं होतं, आठवा.” 12 मार्च 1911 ला याच नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि बालगंधर्वांची लहान मुलगी गेली होती. ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. ही गोष्ट मराठी नाटकवाल्यांच्या रक्तात आहे आणि माझ्याही डोळ्यांत ती ऐकून पाणी येतं. पण ती दुःख गिळून गाण्याची गोष्ट आहे. गळ्याला जखम असताना गाण्याची नाही. दुःखात गायलं तर आवाज शाबूत राहतो. त्या रात्री वहिनींनी फोनवरून जे सांगितलं ते याहून थेट होतं : “उद्या पुण्याला घेऊन या त्यांना. नाटकाचं तुमचं तुम्ही बघा.”

काय केलं

लगेच पुढचा प्रयोग रद्द झाला. पैसे परत दिले गेले, सूचना थिएटरच्या दारावर लावली. दादा पुण्याला गेले. गोव्याचे गायक-नट तीन प्रयोगांसाठी आले. एका दिवसाची तालीम, तीही बहुतेक गद्याची आणि हालचालींची. मला तीन दिवस पांढरी एकची बोटं ठेवून वाजवायचं होतं. इतकी वर्षं काळी दोनला बसलेले हात मुखड्यावर आपोआप जुन्या जागी जात. तबलजींनी स्थानिक कलाकाराकडून तबला मागून आणला. प्रयोग झाले, नीट झाले. पांढरी एकला गाताना त्या नटाचा आवाज जराही ओढला जात नव्हता, शब्द स्वच्छ कळत होते, आणि एकाही प्रेक्षकाने पट्टी खाली आहे म्हणून तक्रार केली नाही. ही गोष्ट मंडळातल्या प्रत्येकाने पाहिली.

पुण्यात आवाजाच्या विकारांवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीने, झगमगत्या दिव्याखाली स्वरतंतूंची हालचाल पाहिली. या तपासणीत स्वरतंतूंची लाट संथ झाल्यासारखी दिसते, त्यामुळे कुठे अडतंय ते कळतं. उजव्या स्वरतंतूत रक्तस्राव झाला होता. सुजलेल्या तंतूवरची बारीक रक्तवाहिनी जोराने फुटली होती. इंजेक्शनने सूज उतरते, आवाज सुटल्यासारखा वाटतो, पण तंतू जायबंदीच असतो आणि बरं वाटतंय म्हणून गायक पूर्ण ताकद लावतो. वेदनाशामक गोळ्यांपैकी काहींनी रक्त पातळ होतं आणि धोका आणखी वाढतो. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइड निषिद्ध नाही, आम्हीही कधी देतो, पण स्वरतंतू पाहिल्याशिवाय नाही.

पहिले दहा दिवस पूर्ण मौन. कुजबुजही नाही, कारण कुजबुजताना तंतूंवर ताण येतो. रक्त शोषलं गेलं, पण त्या जागी एक छोटा पॉलिप, म्हणजे मऊ गाठ, उरला. आता दुसरा निर्णय समोर आला. एका डॉक्टरांचं मत, लगेच शस्त्रक्रिया करून मोकळं व्हा. दुसऱ्यांचं, दीड महिना आवाजाचे व्यायाम करा, बोलण्या-गाण्याची पद्धत बदला, मग बघू. दादांनी दुसरा मार्ग घेतला. पॉलिप गेला नाही आणि शेवटी शस्त्रक्रिया झालीच, पण ते सहा आठवडे वाया गेले असं मी म्हणणार नाही. त्या काळात आवाजाचे व्यायाम घेणाऱ्या उपचारतज्ज्ञ बाईंनी त्यांना आठवडाभराच्या आवाजाच्या वापराची वही ठेवायला लावली. त्या वहीने सगळ्यांना धक्का बसला. मौन संपल्यानंतरच्या, प्रयोग नसलेल्या आठवड्यातही सगळ्यात जास्त वेळ जात होता शिकवणीत बोलण्यात, त्याखालोखाल फोनवर. स्वतःचं गाणं शेवटी.

शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली, तोंडातून झाली. पुन्हा आठवडाभर मौन, मग रोज काही मिनिटं बोलणं, मग पाण्यात बुडवलेल्या नळीतून हुंकार, ओठांची फुरफुर, हळूहळू सरगम.

इथे गुरुजींचा प्रश्न आला. ऐंशी पार केलेले गुरुजी खर्जाच्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वरांच्या, रियाजावर ठाम होते. पहाटे उठून खर्ज लावल्याशिवाय आवाज भरत नाही, हे त्यांचं आयुष्यभराचं सांगणं. उपचारतज्ज्ञ बाईंना भीती होती की खर्ज दाबून लावला तर ताजी जखम घासली जाईल. दादा दोघांच्या मध्ये अडकले. शेवटी वहिनींनी बाईंना गुरुजींच्या घरी नेलं. गुरुजींनी स्वतः खर्ज लावून दाखवला, अगदी अलगद, तंबोऱ्यात मिसळून जाईल असा. बाई म्हणाल्या, “असा असेल तर चालेल.” गुरुजी दादांकडे वळले. “तुला मी असाच शिकवला होता रे. जोर तू नंतर लावायला लागलास.” आणि मग, थोड्या वेळाने : “काळी दोन तुझी पट्टी नव्हतीच. मी तेव्हाच बोलायला हवं होतं.”

परिणाम

साधारण आठ महिन्यांनी दादा पुन्हा धैर्यधर म्हणून उभे राहिले, काळी एकला. दिग्दर्शकांनी गद्याचा सूर खाली आणला, माइकवर विश्वास ठेवला, दोन प्रवेशांत अधिकार दाखवायला आवाज वाढवण्याऐवजी विराम वापरले. माझ्या मते भूमिका त्याने अधिक भारदस्त झाली. सेनापतीला ओरडावं लागत नाही. एका पदाच्या दोन ताना गेल्या. तार पंचम दादा आता घेत नाहीत, मध्यमापर्यंत जाऊन परत फिरतात. पहिल्या प्रयोगानंतर एक जुने रसिक भेटायला आले. “पूर्वीचा तो टिपेचा भाग गेला,” असं हळहळून म्हणाले. दादांनी नमस्कार केला आणि गप्प राहिले. प्रयोगानंतर अर्धा तास न बोलण्याचा त्यांचा नेम आहे.

बैठक मात्र आधीपेक्षा चांगली झाली आहे. षड्जावर हळूच उतरायची ती जागा परत आली.

तोटेही खरे होते. गोव्याच्या आयोजकांनी पुढच्या वर्षी दुसऱ्या मंडळाला बोलावलं. त्या आठ महिन्यांत दादांचं उत्पन्न जवळजवळ थांबलं. घर वहिनींच्या नोकरीवर चाललं आणि शिकवण्या पुढे एका ज्येष्ठ शिष्येने सांभाळल्या. निर्माते आणि दादा यांच्यात त्या लॉजवरच्या रात्रीनंतर जो दुरावा आला तो पूर्ण मिटलेला नाही. दोघेही सज्जन आहेत, एकत्र काम करतात, पण पूर्वीसारख्या मोकळ्या गप्पा होत नाहीत.

निर्णयाच्या जागा आणि वेगळं काय होऊ शकलं असतं

इंजेक्शनवर सगळं खापर फोडणं सोपं आहे. माझ्या मते खरी चूक त्याच्या दोन-तीन वर्षं आधी, भूमिकेतला नट बदलला तेव्हा झाली. नवा गायक आला की पट्टी त्याच्या गळ्याप्रमाणे ठरवायला हवी. त्यासाठी तालमीच्या पहिल्या दिवशी अख्खा अंक तीन पट्ट्यांत गाऊन बघणं पुरेसं असतं. एवढा वेळ कुठल्याही मंडळाकडे असतो. आमच्याकडे साजसंगत आणि प्रेक्षकांची सवय यांना माणसापेक्षा जास्त मान मिळाला.

दुसरी जागा म्हणजे हळुवार तार षड्ज फुटायला लागला तो आठवडा. ही खूण साथीदारांना सगळ्यात आधी कळते, पण मंडळात ती सांगायची रीत नाही. गायकाच्या आवाजाबद्दल बोलणं म्हणजे त्याचा अपमान, असा समज आहे. आता आमच्याकडे दौऱ्यावर रोज दुपारी चारला दादा मला आणि तबलजींना समोर बसवून तार षड्ज अगदी बारीक लावून दाखवतात. लागला तर ठरल्याप्रमाणे प्रयोग. नाही लागला तर त्या दिवशीची दोन पदं गाळली जातात आणि नांदीनंतर प्रेक्षकांना तसं सांगितलं जातं. निर्णय चार वाजता होतो, मेकअपला बसल्यावर नाही. तोंडाला रंग लागला की नटाला मागे फिरता येत नाही. आमच्यासारख्यांनाही त्याला मागे फिरव असं म्हणवत नाही.

रिप्लेसमेंटबद्दल मला अजून पटेल असं उत्तर मिळालेलं नाही. जुन्या कंपन्यांत नट पगारी असत, एकाच बिऱ्हाडात राहत, आणि कंपनीकडे पाच-सहा नाटकं तयार असत. मुख्य नट आजारी पडला तर त्या रात्री दुसरं नाटक लावता येई. आजच्या मंडळाकडे एक नाटक, एक ट्रक आणि नाईटवर आलेली माणसं. दुसरा धैर्यधर तयार ठेवायचा तर त्याला तालमीचे पैसे द्यायला हवेत आणि वर्षातून चार-पाच प्रयोग तरी, नाहीतर तो टिकणार कशाला? दादांनी सुचवलं की दर पाचवा प्रयोग तरुण शिष्याने करावा आणि ती नाईट शिष्याची असावी. निर्मात्यांना भीती आहे की जाहिरातीत दादांचं नाव नसेल तर बुकिंग पडेल. दोघांचं म्हणणं खरं आहे. सध्या गावातल्या प्रयोगांना ही पद्धत चालू आहे, कॉन्ट्रॅक्टच्या प्रयोगांना नाही.

शिकवणीच्या बाबतीत बदल तुलनेने सोपा झाला. मुलींना जागा ज्येष्ठ शिष्या दाखवते, दादा स्वतःच्या पट्टीत एकदाच म्हणतात आणि बाकी हाताने, खुणेने सांगतात. फी तीच आहे. दोन पालकांनी मुली काढून घेतल्या, कारण ‘सर आता गात नाहीत’.

विम्याचा आणि आजारपणाच्या काळातल्या उत्पन्नाचा प्रश्न तसाच पडून आहे. पायाला प्लास्टर घातलेल्या नटासाठी लोक धावून येतात. आवाज गेलेला नट बाहेरून धडधाकट दिसतो, त्यामुळे मदत मागायलाही त्याला संकोच होतो. दादांनी मागितली नाही. वहिनींनी मंडळाच्या कलाकारांसाठी एक छोटी ठेव सुरू करायचा आग्रह धरला, आणि आता प्रत्येक नाईटमधून सगळ्यांचे थोडे पैसे तिकडे जातात. पुढच्या महिन्यात पश्चिम महाराष्ट्राचा दौरा आहे. ऑर्गनच्या पेटीत आता पदांची वही काळी एकची आहे, आणि तबलजींनी दोन तबले घेतले आहेत.